कागदावर अंगठा घेतला म्हणून बाप सुटत नाही!

४ फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईत वांद्रे येथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी एक अंतरिम आदेश दिला. परळीचे आमदार आणि त्या वेळचे राज्याचे अन्न व नागरी पुरवठा मंत्री धनंजय मुंडे यांनी करुणा मुंडे (शर्मा) यांना दरमहा १ लाख २५ हजार रुपये आणि मुलीला दरमहा ७५ हजार रुपये द्यावेत, असा तो आदेश. खटला कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालचा. मुंडे यांनी त्यावर अपील केले. आमचे लग्नच झालेले नाही, तर पोटगी कसली, असा त्यांचा मुद्दा. ५ एप्रिल २०२५ रोजी माझगावच्या सत्र न्यायालयाने ते अपील फेटाळले. दोन मुले आहेत, संबंध विवाहासारखे होते, असे न्यायालयाला प्रथमदर्शनी दिसले.

हा आदेश अंतरिम आहे. लग्न झाले होते असे करुणा मुंडे म्हणतात, झाले नव्हते असे धनंजय मुंडे म्हणतात, आणि त्याचा अंतिम निवाडा या आदेशात नाही, हे आम्ही आधीच स्पष्ट करतो. परंतु वाचकांना १२ जानेवारी २०२१ आठवत असेल. त्या दिवशी मुंडे यांनी फेसबुकवर जाहीर निवेदन केले होते. २००३ पासून करुणा शर्मा यांच्याशी आपले परस्पर सहमतीने संबंध आहेत, कुटुंबाला ते ठाऊक आहे, त्यातून दोन मुले झाली आणि त्या मुलांना आपण आपले नाव दिले आहे, असा त्याचा आशय. त्या वेळी ते कोणत्या खात्याचे मंत्री होते? सामाजिक न्याय खात्याचे!

आमचे मुंडे यांच्याशी वैयक्तिक भांडण नाही आणि हा लेख त्यांच्यासाठी लिहिलेला नाही. त्यांच्याकडे वकील आहेत, करुणा मुंडे यांच्याकडेही वकील आहेत. आमचे लक्ष 'परस्पर सहमती' या दोन शब्दांकडे आहे. मंत्र्याच्या निवेदनात हे शब्द आले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने वाचले. पण बीड जिल्ह्यात गावोगाव हेच शब्द वर्षानुवर्षे स्टँप पेपरवर टाइप होत आहेत. त्यांच्याखाली बायाबापड्यांचे अंगठे उमटत आहेत. त्याची बातमी कधी होते काय?

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, कोणताही तालुका घ्या. पोरीला सासरहून हाकलून दिले की आधी सोयरे जमतात. मग बैठक बसते. चार पंच, दोन पुढारी, मुलाचा मामा, मुलीचा चुलता, आणि ऊसतोडीचे घर असेल तर मुकादमही. चहा होतो, आवाज चढतात, कोणीतरी म्हणतो, 'कोर्टकचेरी नको, घरातलं घरात मिटवा.' दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन बाँड आणतात. पूर्वी शंभराचा आणत, ऑक्टोबर २०२४ पासून सरकारने तो पाचशेचा केला. त्यावर जे लिहितात ते साधारण असे असते : आमचे आपसात पटत नसल्याने आम्ही राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, नशापाणी न करता फारकत घेत आहोत. यापुढे लिहून देणार ही पोटगी, खावटी, घरदार, जमीनजुमला यांत कसलाही हक्क मागणार नाही. मूल तिच्याकडे राहील आणि त्याच्या खर्चाशी लिहून घेणाराचा काही संबंध राहणार नाही.

खाली नोटरीचा शिक्का. साक्षीदारांच्या सह्या. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी असा कागद पाहिला असेल. काहींनी साक्षीदार म्हणून त्यावर सहीही केली असेल. ज्या बाईचा अंगठा घेतला तिला तो वाचून दाखवला होता काय, हे त्यांनी आपल्या मनाला विचारावे.

आता शहरात या कागदाचा नवा अवतार आला आहे. लग्न न करता एकत्र राहायचे आणि आधीच करार करून ठेवायचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयापुढे असाच एक करार आला. ४६ वर्षांच्या सरकारी नोकराविरुद्ध २९ वर्षांच्या, वृद्धांची सेवा करून पोट भरणाऱ्या स्त्रीची बलात्काराची तक्रार होती. आरोपीने सात कलमांचा करार पुढे केला. एका कलमाचा अर्थ असा की, स्त्रीला दिवस गेले तर पुरुष जबाबदार राहणार नाही, ती तिची ती पाहील. सही आपली नाही, असे त्या स्त्रीचे म्हणणे होते. आरोपीला अटकपूर्व जामीन मिळाला. जामीन मिळाला एवढाच त्याचा अर्थ; ते कलम कायदेशीर ठरले, असा नव्हे. पण कागदाची भाषा बघा. केजची फारकत असो की मुंबईचा करार, शेवट एकच : बाई मोकळी, मूल बाईचे, बाप्या नामानिराळा.

आम्ही ठामपणे सांगतो, कायदा असे मानत नाही.

पोटगी म्हणजे नवऱ्याने दिलेली भीक नव्हे, आणि तो नवराबायकोतला सौदाही नव्हे. फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ च्या कलम १२५ ने ती दिली होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि आता तोच हक्क तिच्या कलम १४४ मध्ये आहे. टाकलेल्या बायको-मुलांनी रस्त्यावर येऊ नये, उपाशी मरू नये, यात साऱ्या समाजाचे हित आहे म्हणून हे कलम आहे. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले की, पोटगीच्या या कलमामागे संविधानाचे अनुच्छेद १५ (३) आणि अनुच्छेद ३९ उभे आहेत. स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी राज्याला विशेष तरतूद करण्याचा अधिकार देणारे ते अनुच्छेद १५ (३). ज्या हक्काची मुळे संविधानात आहेत, तो पाचशेच्या बाँडवर सोडून देता येईल काय?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा, इंग्रजांच्या काळचा. त्याचे कलम २३ सांगते की, ज्या कराराचा हेतू कायद्याला किंवा सार्वजनिक धोरणाला विरोधी आहे, तो करार रद्दबातल. याच कलमाच्या आधारे डिसेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, बायकोने पोटगीचा हक्क सोडल्याचे करारातले कलम तिच्यावर बंधनकारक नाही. त्याआधी मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कर्नाटकातले एक प्रकरण आले होते. बायकोने ८ हजार रुपये एकरकमी घेऊन यापुढे पोटगी मागणार नाही, अशी तडजोड कोर्टात केली होती. किती? आठ हजार! तेवढ्यात उभा जन्म काढायचा. तिने पुढे हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ च्या कलम १८ खाली दावा लावला. नवरा म्हणाला, सही केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा टिकवला. कोर्टासमोर केलेली तडजोड जिथे निर्वाहाचा हक्क मारू शकली नाही, तिथे पारावर केलेल्या फारकतीची काय कथा?

आता मुलाकडे येऊ. बाई एक वेळ रागाच्या भरात म्हणेल, नको मला याचा पैसा. तिचा तो स्वाभिमान आम्ही समजू शकतो. पण मुलाचा हक्क हा आईच्या मालकीचा नाही. तो मुलाचा स्वतःचा आहे. जी गोष्ट आईची नाही ती आई सोडून कशी देणार? दोन वर्षांच्या लेकराने कोणत्या बाँडवर अंगठा दिला? कलम १४४ तर आणखी पुढे जाते. मूल लग्नसंबंधातले असो की लग्नाबाहेरचे, अज्ञान मुलाचा निर्वाह बापाने करायचा आहे. आईबापांचे लग्न झाले की नाही, या वादाशी लेकराच्या दुधाचा संबंध कायद्याने ठेवलेला नाही. १ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, रद्दबातल विवाहातून झालेल्या मुलांनाही आईबापांच्या मालमत्तेतील, एकत्र कुटुंबातल्या त्यांच्या हिश्श्यासह, वाटा आहे. आई दुसऱ्या घरी गेली, तिची पोटगी थांबली, तरी मुलाची थांबत नाही. आणि हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे, ज्यात बौद्धही येतात, अविवाहित मुलीला स्वतःचे साधन नसेल तर तिचा निर्वाह अठरा वर्षांनंतरही बापावर आहे. म्हणून आम्ही म्हणतो, कागदाने नवरा कदाचित सुटत असेल, बाप सुटत नाही.

परंतु केवळ घोषणा देऊन भागणार नाही. कायद्यातले खड्डेही आमच्या भगिनींना माहीत पाहिजेत, कारण समोरच्याचा वकील तिथेच नेऊन पाडतो.

पहिला खड्डा 'राजीखुशीने' या शब्दाचा. नवराबायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी नाही, असे कलमात एक उपकलम आहे. फारकतीच्या कागदात 'राजीखुशीने' हा शब्द उगाच पडत नाही. लिहिणाराला तो कशासाठी हे पक्के ठाऊक असते. यावर उत्तर आहे. मारझोड, दुसरी बाई, हुंडा, हाकलून देणे यांमुळे वेगळे राहावे लागले तर ती संमती नव्हे. आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, परस्पर संमतीने कायदेशीर घटस्फोट झालेल्या बाईला हे उपकलम लागू होत नाही; पुन्हा लग्न केलेले नाही तोवर ती पोटगी मागू शकते.

दुसरा खड्डा घटस्फोटानंतरचा. घटस्फोट झाल्यावर बाईने स्वखुशीने पोटगीचा हक्क सोडला असेल तर पोटगीचा आदेश रद्द होऊ शकतो, असेही संहितेत आहे. इथे दोन गोष्टी पाहाव्यात. सोडणे घटस्फोटानंतरचे पाहिजे आणि खरोखर स्वखुशीचे पाहिजे. भाऊबंदांनी डोळे वटारून घेतलेला अंगठा ही स्वखुशी नव्हे. तरीही आमचा सल्ला सरळ आहे. वाचून समजल्याशिवाय कशावरही सही करू नका. कोर्टासमोर खरी, पुरेशी रक्कम मिळत असेल आणि तडजोड करायची असेल, तर ती आपला वकील जवळ बसवून करा.

तिसरा खड्डा सर्वांत जुना. 'ती माझी बायकोच नाही.' आपली पहिली बायको जिवंत आहे हे लपवून दुसरी करायची आणि अंगाशी आले की पहिलीचे लग्न दाखवून दुसरीला उडवून लावायचे. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाकडून आलेल्या प्रकरणात दुसऱ्या बायकोला पोटगी नाकारली होती आणि पुढची २५ वर्षे हा निकाल गरीब बायांच्या छातीवर दगडासारखा राहिला. तो दगड ऑक्टोबर २०१३ मध्ये हलला, तोही आपल्या महाराष्ट्रातल्याच एका बाईमुळे. तिच्या नवऱ्याने पहिले लग्न लपवले होते. पोटुशी असताना तिला खरे कळले. सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, नवऱ्याला स्वतःच्या लबाडीचा फायदा घेता येणार नाही, पोटगीपुरती ती बायकोच. असे खटले सामाजिक न्यायाच्या दृष्टीने पाहिले पाहिजेत, असेही न्यायालयाने त्या निकालात सांगितले.

मग कागदी फारकतीवर दुसरे घर केलेल्या बाईचे काय? आपल्या समाजात अशा कितीतरी आहेत. पहिल्या नवऱ्याशी बाँडवर फारकत, कोर्टाचा घटस्फोट नाही. दुसऱ्याने नांदवले, मूल झाले, आणि टाकून देताना तोच म्हणतो, तुझे पहिले लग्न मोडलेलेच नाही! ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या अशाच प्रकरणात बाईच्या बाजूने निकाल दिला. तेलंगणातले हे प्रकरण. पहिल्या नवऱ्याशी तिने २००५ साली लेखी समझोता करून फारकत घेतली होती. हे सर्व जाणून दुसऱ्याने तिच्याशी लग्न केले. न्यायालय म्हणाले, तो समझोता म्हणजे कायदेशीर घटस्फोट नव्हे हे खरे. पण ती पहिल्यापासून प्रत्यक्षात वेगळी झाली आहे, त्याच्याकडून काही घेत नाही, हे त्यावरून दिसते. तेव्हा दुसऱ्या नवऱ्याने पोटगी दिली पाहिजे. बघा, ज्या कागदाने बाईचा गळा आवळायचा तोच कागद इथे तिचा पुरावा झाला.

लग्नच न करता एकत्र राहिलेल्या बाईसाठी वाट अधिक अरुंद आहे, हे सांगितले नाही तर आम्ही वाचकांची फसवणूक केली असे होईल. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा 'विवाहासारखे संबंध' मान्य करतो. परंतु २०१० आणि २०१३ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने त्याला कसोट्या लावल्या. किती वर्षे एकत्र राहिले, एक घर होते काय, खर्च एकत्र होता काय, चारचौघांत नवराबायको म्हणून वावरत होते काय, मुले आहेत काय. पुरुष विवाहित आहे हे ठाऊक असून राहिलेल्या स्त्रीला २०१३ च्या निकालात संरक्षण मिळाले नव्हते. हे बदलावे म्हणून महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २००८ मध्ये 'पत्नी'च्या व्याख्येत दीर्घकाळ पत्नीसारखी राहिलेली स्त्री घेण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली होती. मलिमठ समितीने २००३ सालीच तशी शिफारस केली होती. आजच्या नव्या संहितेत ती दुरुस्ती नाही. इंग्रजी नावे काढून कायद्यांना नवी नावे देणाऱ्यांना ही एक ओळ घालता आली नाही! तरीही अशा बाईच्या लेकराचा हक्क शाबूत आहे, हे पुन्हा सांगतो.

आता पुन्हा बीडला येऊ. कारण इथे खरा प्रश्न कायद्याचा कमी आणि पोटाचा जास्त आहे.

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे निघतात आणि उन्हाळा लागताना परततात. तिकडे हिशेब माणसाचा नसतो, कोयत्याचा असतो. नवराबायको मिळून एक कोयता. उचल घेतो नवरा, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे. मोळ्या बांधते बाई, डोक्यावर घेऊन गाडीत भरते बाई. पण तिच्या मजुरीचा कागद कुठेच नाही. नवऱ्याने टाकले की ती होते 'अर्धा कोयता'. अर्ध्या कोयत्याला उचल कोण देणार? म्हणजे बाई एका दिवसात घर गमावते, नवरा गमावते आणि धंदाही गमावते. त्यात लग्न लवकर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याचा आकडा २१.९ होता. सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी मूल, विसाव्या वर्षी फारकत. या पोरीच्या अंगठ्याला 'राजीखुशी' म्हणायचे?

कोर्टात गेली तर नवरा म्हणतो, मी मजूर आहे, मला उत्पन्न नाही. याचेही उत्तर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिले आहे. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायकोमुलांना पोसलेच पाहिजे. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने तर दोन्ही बाजूंना आपले उत्पन्न, जमीन, कर्ज, सारे शपथपत्रावर लिहून देणे बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची हेही ठरवून दिले. म्हणून अर्ज लवकर करावा, 'बघू, येईल घ्यायला' म्हणून वर्षे घालवू नयेत. आणि ऊसतोडीच्या घरातल्या बाईने एक लक्षात ठेवावे. गळीत हंगामात नवरा कारखान्यावर असतो, त्याला नोटीस लागत नाही, वॉरंट लागत नाही. तो गावी असतो पावसाळ्यात, आणि हातात रोख असते उचल घेतल्यावर. अर्ज, नोटीस, वसुली, सारे तेव्हाच हलवले पाहिजे.

हे हक्क कोणी वरून टाकलेले नाहीत. हिंदू कोड बिलात विवाह, घटस्फोट, वारसा यांच्याबरोबर निर्वाहाचाही विषय होता. सनातन्यांनी ते बिल अडवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत या बिलाची गळचेपी हे मोठे कारण होते. पुढे १९५५-५६ मध्ये त्या बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. आज न्यायालयात बाई ज्या कलमाखाली निर्वाह मागते, त्यातले एक त्या बिलाच्या वंशातले आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, बायको ही नवऱ्याची दासी नाही, ती मैत्रीण म्हणून बरोबरीने उभी राहिली पाहिजे. पोटगीची रक्कमही अशीच लढून वाढली. १९७३ च्या संहितेत ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, महाराष्ट्राने १९९९ साली ती १५०० केली आणि २००१ साली केंद्राच्या दुरुस्तीने मर्यादाच गेली. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्ता स्त्रियांची परिषद घेतली, तेव्हा टाकलेल्या बाया पहिल्यांदा व्यासपीठावर चढून बोलल्या. मुस्लिम भगिनींनी तर शहाबानोपासून झुंज दिली, आणि १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की, कलम १२५ घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही लागू आहे.

इतके सारे असताना आमच्या वस्तीत काय चालते? इथे आम्हाला आमच्याच माणसांना दोन कडू शब्द सांगायचे आहेत. जातपंचायतीवर आम्ही मोर्चे काढले, २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला तेव्हा आम्ही त्याचे स्वागत केले. पण विहारात सतरंजी टाकून आम्ही जी बैठक बसवतो, ती कोणती पंचायत? तिथे बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असतो आणि खाली सारे पुरुषच बसलेले असतात. बाई उंबऱ्याजवळ पदर तोंडाला लावून उभी असते. समाजाची बदनामी नको, पोराची नोकरी जाईल, केस नको, असे म्हणत आमचेच कार्यकर्ते कागद तयार करतात. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी नवऱ्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. बायकोचा मान राखणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घराचा अधिकार तिच्या हाती देणे, तिला वस्त्रालंकार देणे. त्या पाचांत 'बाँड लिहून घेणे' हे सहावे कोणी घातले?

म्हणून आमच्या काही स्पष्ट मागण्या आहेत, आणि त्या सरकारकडे नाहीत, चळवळीकडे आहेत. यापुढे आपल्या कोणत्याही बैठकीत पोटगी सोडण्याचा कागद लिहू नये. साक्षीदार म्हणून सही मागायला कोणी आला तर त्याला परत पाठवावे. बैठक घ्यायचीच तर तिच्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि मुलाच्या खर्चाचे ठरल्याशिवाय ती उठू नये. आणि जी बाई कोर्टात जाईल तिच्याबरोबर तारखेला दोन माणसांनी जावे. बहुतेक बाया खटला हरत नाहीत, त्या तारखांना थकतात.

जिच्या हातात असा कागद आहे त्या भगिनीलाही थोडे सांगतो. तो फाडू नका, जपून ठेवा. तो तुमचे लग्न झाले होते, मूल त्याचे आहे, याचा पुरावा होऊ शकतो. जिथे तुम्ही आज राहता, म्हणजे माहेरी, तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. सासरच्या तालुक्याला जायची गरज नाही. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अंतरिम पोटगीचा अर्ज लगेच जोडा. नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्याचा निकाल व्हावा असे कायदा म्हणतो. मारझोड असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर थकल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा, उशीर केला तर ती रक्कम या मार्गाने हातची जाते. थकवणाऱ्याला तुरुंगही होतो. आणि तुरुंगात बसून आला म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितले आहे.

वांद्र्याच्या कोर्टात एका बलाढ्य माणसाला मुलीसाठी दरमहा रक्कम द्या असे सांगता येते. मग धारूरच्या बालाघाटात एका कोयत्यावाल्याला आपल्या मुलीसाठी दरमहा दोन हजार द्या, असे आम्ही, त्याच्या शेजारी राहणारे, त्याच्याबरोबर जयंतीला नाचणारे, सांगू शकत नाही काय? त्याला कायद्याचे पुस्तक लागत नाही. बैठकीत पुढे आलेला तो बाँड हाताने बाजूला सारून एवढेच विचारायचे असते : लेकराच्या शाळेचे आणि जेवणाचे काय ठरले, ते आधी सांगा.